कुकर एक, शिट्टी एक

गेली चार वर्षं आम्ही बेळगावचे पाच जण भीमगडावर मुक्कामाला जातोय. म्हणजे अजून गेलेलो नाही, पण जातोय. खानापूरच्या पलीकडचं ते जंगल २०११ साली अभयारण्य झालं, त्यामुळं आत जायला परवानगी काढावी लागते, आणि त्यासाठी पाच जणांच्या ओळखपत्रांची झेरॉक्स एका माणसाकडं जमा करायची एवढंच काय ते काम, जे चार वर्षांत झालेलं नाही. तिथं बारापेडेच्या गुहेत राउटनचं म्हणून एक अतिदुर्मिळ वटवाघूळ राहतं, ते तेवढं बिनझेरॉक्सचं सुखात आहे.

बरं, नुसती झेरॉक्स असती तर मी स्वतः दारोदार फिरून गोळा केली असती, पण तारीख? जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस असा की घरातून निघतानाच माणूस भिजलेला, शिवाय मोज्यात जळवा. ऑक्टोबरात दसरा-दिवाळी, त्यात पोरांना मातीचा किल्ला करून द्यायचा (हा एकच किल्ला आम्ही दरवर्षी न चुकता सर करतो), नोव्हेंबर-डिसेंबरात लग्नं, जानेवारीत बँकवाल्याचं ऑडिट, फेब्रुवारीपासून पोरांच्या परीक्षा आणि मार्चनंतर वर पाणी नसतं. हिशेब केला तर वर्षात दोन शनिवार शिल्लक राहतात, त्यातल्या एका शनिवारी कुणाची तरी सासू येते.

मग ट्रेक आक्रसत जातो. भीमगडाचा झाला पारगड, पारगडाचा झाला वैजनाथ-महिपालगड आणि आणखी आठवडाभर थांबलो असतो तर येळ्ळूरचा राजहंसगड झाला असता, जिथं रविवारी सकाळी आम्ही जातोच, गाडी वरपर्यंत जाते, दहा मिनिटं तटावर वारा खायचा आणि येताना तासभर भजी खायची. तिथल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोनदा उद्घाटन झालं, आमच्या मुक्कामाच्या ट्रेकचं एकदाही होईना. शेवटी मॅपवाला भडकला. "या शनिवारी महिपालगड. जो येणार नाही त्यानं ग्रुप सोडायचा." ग्रुप कुणी सोडला नाही, कारण त्याच ग्रुपवर भिशीचा हिशेब असतो.

हा मॅपवाला म्हणजे आमच्यातला अभ्यासू माणूस. व्हॅक्सीन डेपोच्या आवारात सकाळी चालायचे दोन राउंड मारतो आणि दिवसभर गिर्यारोहणावर वाचतो. त्यानं सांगितलं की १८९२ साली नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश माणसानं नियम घालून दिलाय, सपाटीवर तासाला तीन मैल धरायचे आणि दर दोन हजार फूट चढाईला एक तास जादा धरायचा. त्यावर हुक्केरी (हा हुक्केरीचा, म्हणून आम्ही त्याला हुक्केरीच म्हणतो) म्हणाला, "त्या नाइस्मिथला शिनोळीत चहाला थांबायचं नव्हतं की बे." मग सुधारित बेळगावी नियम झाला, दर चहाला अर्धा तास. या नियमानं महिपालगड पाच तासांवर गेला.

मग यादी. एका लिटर पाण्याचं वजन एक किलो, माणशी तीन लिटर, म्हणजे काहीही न घेता पाठीवर तीन किलो. मॅपवाल्याच्या पुस्तकाप्रमाणं सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको, त्यावर बँकवाला खूष, कारण त्याचं वजन ९५. यादी ग्रुपवर पडली, ज्यानं जे आणायचं त्यानं त्यापुढं आपलं नाव टाकायचं. त्यात एका ओळीत होतं 'कुकर – १', त्यापुढं माझं नाव. आणि खाली 'शिट्टी – १', त्यापुढं हुक्केरीचं. हे नीट लक्षात ठेवा.

शुक्रवारी रात्री आईनं माझी सॅक भरायला घेतली. आधी, "घरात एवढी गादी असताना दगडावर झोपायला कशाला मरायला जाताय," हे झालं. मग भाकऱ्या, शेंगाचटणी, लोणचं, अंगावर घ्यायला घोंगडं, वर आणि कापूर, कशाला ते विचारायची हिंमत झाली नाही. कुकर कागदात गुंडाळताना तिनं विचारलं, "शिट्टी टाकू काय रे?" मी म्हटलं, "नको, शिट्टी हुक्केरी आणतोय."

शनिवारी दुपारी निघालो. सकाळी निघणार होतो. हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीला सीमा ओलांडली, दुकानांच्या पाट्या कन्नडच्या मराठी झाल्या, गाडी केए-२२ आणि गड एमएच-०९ मध्ये. नियमाप्रमाणं चहा झाला. देवरवाडीहून वैजनाथाच्या देवळापाशी गाड्या लावल्या, देवाला नमस्कार केला आणि झाडीतल्या वाटेनं वर निघालो. गडावर गाडीरस्ता जातो, पण आम्ही ट्रेकर.

पहिल्या दहा मिनिटांत कळलं की सॅक घरात उचलून बघणं आणि चढावर उचलणं यात फरक आहे. कुकरचं हँडल माझ्या मणक्याशी भांडत होतं. बँकवाला दर वळणाला झाडाला टेकून त्या झाडाचं नाव विचारायचा, तेवढीच विश्रांती. हुक्केरी कन्नडात "साकप्पा, साकू" (पुरे बाबा, पुरे) म्हणत मागं. मॅपवाला मात्र पुढं, हातात फोन, आणि चंदगडात हत्ती येतात, गवे असतात, कळपापासून लांब राहायचं वगैरे सांगत होता, एवढ्यात मागून काहीतरी खसफसलं. आम्ही पाचही जण बाजूला. डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक आजी आली, अनवाणी. आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय रं बाळांनो, घर बदलताय काय?" आणि गेली पुढं. परत दिसली नाही, एवढी पुढं.

महिपालगडावर गाव आहे हे आम्हाला माहीत होतं, पण मुक्कामाच्या स्वप्नात ते गाव कधी येत नव्हतं. स्वप्नात तंबू, चांदणं आणि जंगल. प्रत्यक्षात तटाच्या कडेला आम्ही तंबू ठोकत होतो आणि समोर दहा पोरं क्रिकेट थांबवून बघत उभी. त्यातल्या एकानंच शेवटी तंबू उभा केला. तोवर अंधार पडला, खाली लांबवर बेळगावचे दिवे लागले, म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून आम्ही घर दिसेल अशाच जागी आलो होतो.

गॅस पेटला, तांदूळ धुतला, कुकरचं झाकण लावलं. मी हात पुढं केला. "शिट्टी दे."

हुक्केरीनं गळ्यातली काढून दिली. लाल रंगाची, पीटीच्या सरांची असते तसली.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मॅपवाला म्हणाला, डोंगरात सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, ऐकणाऱ्यानं उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा वाजवायची, आल्प्समधला नियम आहे. "अरे पण भात?" बँकवाल्याचा आवाज अगदी रडवेला. झाकणाच्या भोकातून वाफ फसफसत होती, मी वर वाटी उपडी ठेवली तर ती उडून तंबूवर. शेवटी हुक्केरी म्हणाला, घरी किती शिट्ट्यांना भात होतोय? तीन. मग वाटी दगडानं दाबून धरा, मी वेळ बघून वाजवतो. आणि खरंच लेका, घड्याळ बघून, चार मिनिटांनी एक, जोरात, अशा तीन शिट्ट्या वाजवल्या त्यानं.

पहिलीला गावातली कुत्री भुंकली. दुसरीला घरांचे दिवे लागले. तिसरीला बॅटऱ्या घेऊन चार-पाच माणसं धावत आली, "काय झालं, गवा आला काय?" आणि त्यांच्या मागनं दुपारची ती आजी. तिनं दगड बाजूला केला, झाकण काढलं, एक शीत बोटानं चेपून बघितलं.

"अजून दोन शिट्ट्या पायजेत," म्हणाली, आणि कुकर उचलून घराकडं घेऊन गेली.