रीडिंग तू लिही, हात लावू नकोस

आज भाचीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन बघून आले, डोकं अजून तापलेलंच आहे. तिच्या ग्रुपने सूर्य केला होता, त्यातून सतत बाहेर वाहणारा कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, एलईडीच्या माळेने दाखवलेला. चार मुलगे, दोन मुली. वायरिंग मुलांनी केलं, परीक्षकांसमोर मुलगेच बोलले. मुलींनी पुठ्ठे कापले आणि चार्ट लिहिले, का तर म्हणे त्यांचं अक्षर छान आहे! मी भाचीला बाजूला घेऊन विचारलं, सौरवारा म्हणजे काय गं? तर पोरीने प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, ध्रुवाकडे आकाशात दिसणारा तो हिरवा प्रकाश, सगळं न अडखळता सांगितलं. मग परीक्षकांपुढे ही मागे का उभी होती?

मला आमचं कॉलेज आठवलं. १९९१, एस.वाय. बी.एस्सी., डिस्चार्ज ट्यूबचं प्रॅक्टिकल. काचेची लांब नळी, पंपाने हवा काढत जायची आणि इंडक्शन कॉइलने व्होल्टेज द्यायचं. सर आले आणि म्हणाले, "मुलींनी कॉइलला हात लावायचा नाही, शॉक बसेल. तुम्ही रीडिंग लिहून घ्या." शॉक काय मुलगा-मुलगी बघून बसतो का? पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. पार्टनर नॉब फिरवायचा, आकडे ओरडायचा, मी लिहायचे. वर्षभर हेच. माझं जर्नल बॅचमध्ये सगळ्यात देखणं होतं, ते आता बघवत नाही.

त्या नळीत जे चमकतं तो प्लाझ्मा. वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले की होतो तो. आकाशातली वीज तीच, ट्यूबलाइटच्या आतला उजेड तोच, सूर्य तर अख्खा त्याचाच. आणि या विषयात आयुष्य घालवलेली आपल्या देशातली एक बाई होती, बिमला बुटी. किती जणांना नाव माहितीय? आम्हाला एकाही सरांनी सांगितलं नाही, आणि तेव्हा बाई अहमदाबादला कामच करत होत्या!

१९३३ चा जन्म, मुलतानचा. फाळणीत घरदार सोडून दिल्लीला आल्या. दिल्ली युनिव्हर्सिटीत फिजिक्स केलं आणि तिथून थेट शिकागो, पीएचडीला गाइड कोण तर खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर, ज्यांना पुढे ८३ साली नोबेल मिळालं ते. १९६२ ला डॉक्टरेट. त्या काळी आपल्याकडे मुलगी मॅट्रिक झाली की स्थळं बघायला लागायचे आणि ही बाई चंद्रशेखरांसमोर बसून प्लाझ्माची समीकरणं सोडवत होती. मग नासाच्या गोडार्ड स्पेस सेंटरला काम केलं, परत आल्या, दिल्ली आयआयटी, आणि १९७० पासून अहमदाबादची पीआरएल, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, तिथे तेवीस वर्षं. प्लाझ्मातल्या लाटा, म्हणजे साध्या सरळ नाहीत, नॉनलिनिअर, सॉलिटॉन (आकार न बदलता पुढे जाणारी एकटी लाट), केऑस (जिचा पुढचा अंदाज लागत नाही अशी हालचाल), सौरवारा, धूमकेतू. हो, तोच सौरवारा जो आज एलईडीच्या माळेत लुकलुकत होता!

आणि १९९० ला इन्साच्या, म्हणजे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या, फेलो झाल्या, तिथे निवडलेली पहिली भारतीय महिला फिजिसिस्ट. ही अकादमी १९३५ ची आहे. पंचावन्न वर्षं लागली फिजिक्समधली एक बाई सापडायला! पुढच्याच वर्षी मला सांगत होते कॉइलला हात लावू नकोस.

आता कोणीतरी म्हणेल की त्या थिअरीवाल्या होत्या, त्यांना कुठे कॉइल फिरवायची होती. बरं, मान्य. पण कागदावर समीकरण मांडायलाही आधी कोणीतरी म्हणावं लागतं ना, की हे तुझं काम आहे, कर. आणि हो, हल्ली बोर्डात मुलींचे टक्के जास्त असतात, तेही मान्य. टक्के मिळवलेल्या मुलीच मागे उभ्या होत्या आज.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण त्या नळीची पुढची गोष्ट आठवली. आमच्या लॅबमध्ये एक शिपाईमामा होते, फार शिकलेले नव्हते, पण पंप त्यांच्याइतका कोणालाच कळायचा नाही. एका शनिवारी सगळे गेल्यावर मी जर्नल पूर्ण करत बसले होते, तर म्हणाले, "ताई, एकदा चालवून बघा की." खिडक्यांचे काळे पडदे ओढले. कॉइल मी सुरू केली. आधी नुसता तडतड आवाज, मग जांभळ्या नागमोडी रेघा, मग हवा अजून कमी झाली तसा नळीभर गुलाबी उजेड, मग त्या उजेडाचे थर पडायला लागले, एक उजळ एक काळा, एक उजळ एक काळा. माझ्या हाताखाली. मामा पंपापाशी गप्प उभे होते.

बुटीबाई २०२४ च्या फेब्रुवारीत गेल्या, नव्वदीत. मला बातमी कळली तीही कितीतरी दिवसांनी.

उद्या प्रदर्शनाचा दुसरा दिवस आहे. वहिनीला फोन केलाय, सकाळी मी येतेय शाळेत, टीचरशी बोलणार आहे. भाचीने मागून ओरडून विचारलं, "आत्या, मी बोलू का मग उद्या?"