सायुंगची बुडालेली जमीन आणि तिचे कागद

इंडोनेशियात किनाऱ्यावरच्या खेड्यात राहणं सुरक्षित आहे का हो, असं गावाकडून फोन आला की कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी असतात, चोर आणि त्सुनामी. मी मध्य जावातल्या सेमारांगला कपड्यांच्या एका कारखान्यात आहे. आमचे बरेच कामगार पूर्वेकडच्या डेमाक जिल्ह्यातल्या सायुंग भागातून येतात. त्यांच्या गावांत जाऊन येऊन माझं मत असं झालंय की त्यांना चोराची भीती नाही आणि लाटेचीही फारशी नाही. भीती आहे ती जमीन कार्यालयाची. हे ऐकून हसणारे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चोरांचं बोलू. जावातल्या खेड्यात आळीआळीला एक 'पाक आरटी' असतो, म्हणजे त्या दोन-चार डझन घरांचा म्होरक्या. ही रचना दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आणली, पुढे हुकूमशहा सुहार्तोच्या राजवटीने ती पक्की केली आणि आता ती लोकांच्या अंगवळणी पडली आहे. रात्री पाळीपाळीने आळीतले पुरुष गस्त घालतात, त्याला रोंदा म्हणतात. चौकीत 'केंतोंगान' टांगलेलं असतं, म्हणजे पोकळ केलेला लाकडाचा ओंडका किंवा बांबू आणि मधे उभी चीर. चोर, आग, मयत, पूर, ज्याचा त्याचा ठोका वेगळा. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जिम्पितान. दाराशेजारी खिळ्याला एक छोटी डबी अडकवलेली असते आणि घरच्यांनी झोपायच्या आधी त्यात एखादं नाणं टाकायचं. पूर्वी मूठभर तांदूळ टाकत. गस्तवाले ते गोळा करत जातात, आळीच्या खर्चाला पैसे होतात आणि गस्त खरोखर दारापर्यंत आली होती हेही सिद्ध होतं. डबी रिकामी दिसली की सकाळी कुणीतरी चौकशीला हजर. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर ही चौकशी किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

याची दुसरी बाजूही आहे. पाहुणा आला तर २४ तासांत नोंद करा, अशी पाटी आळीच्या तोंडाशीच असते. मी तिथे मुक्कामाला गेलो की चहा संपायच्या आत पाक आरटी वही घेऊन हजर. घरी कोण आलं, किती वाजता गेलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. सुहार्तोच्या काळात याच वाटेने सरकारचा डोळा घराघरांत पोचला होता, हे जुनी माणसं विसरलेली नाहीत. पण चोरी? मोटरसायकलला किल्ली तशीच लावलेली मी तिथे अनेकदा पाहिली आहे.

त्सुनामीचंही तसंच. एक तर जावाचा हा उत्तर किनारा दक्षिणेइतका धोक्याचा नाही. आणि जिथे धोका आहे तिथेही माणसं वाचली ती बरेचदा स्वतःच्या शहाणपणावर. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली मोठी लाट आली होती. 'धरणी हलली आणि समुद्र मागे सरला की टेकडी गाठा' हे तिथले आजोबा-आज्ज्या पिढ्यानपिढ्या गाण्यांतून, गोष्टींतून सांगत आले. २६ डिसेंबर २००४ला बेटावर पाऊण लाखाच्या वर वस्ती होती. त्सुनामीने नेलेली माणसं सात. उलट डिसेंबर २०१८मध्ये सुंदा सामुद्रधुनीत आनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला, तेव्हा इशारा वाजलाच नाही, कारण यंत्रणा भूकंप हेरण्यासाठी बसवलेली होती. चारशेच्या वर माणसं गेली.

तर लोक आपली व्यवस्था लावतात. सायुंगमधल्या तिम्बुलस्लोको आणि बेडोनो या गावांनीही लावली, पण तिथलं संकट एका रात्रीत येणारं नव्हे. तिथे रोज 'रोब' येतं, म्हणजे भरतीचं पाणी गावात शिरतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथे भातशेती होती, नारळ होते. मग खारं पाणी आत येऊ लागलं, तेव्हा लोकांनी शेतांची 'तांबाक' केली, म्हणजे कोळंबीची आणि बांडेंग माशाची तळी. कोळंबीला भाव आला तशी खारफुटी तोडली गेली. नंतर तळ्यांचे बांधही गेले आणि समुद्र थेट ओसरीला लागला. बेडोनोतल्या दोन वाड्या तर पार उठून गेल्या. तिथे पाण्याच्या मधोमध एका संताची कबर आहे, लोक अजून दर्शनाला जातात.

आमच्या शिलाई विभागात तिकडची एक बाई आहे, तिच्या घरी गेलो होतो. दारातून आत जाताना वाकावं लागलं. घर ठेंगणं नव्हतं, जमीन वर आली होती. पाणी शिरलं की भराव टाकायचा, पुन्हा शिरलं की पुन्हा भराव. शेवटी भरावालाही पैसे उरले नाहीत, तेव्हा फळ्यांची तक्तपोशी केली. खिडक्या गुडघ्याशी आल्यात. पंखा काढून टाकलाय, हात लागायचा म्हणून. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी डुचमळताना दिसतं. घरापर्यंत यायला गावकऱ्यांनी लाकडी साकव घातला आहे आणि त्यावरून शाळकरी पोरं बूट हातात घेऊन सुसाट पळतात. कामावर येताना ती मोटरसायकल सुक्या रस्त्यालगत ओळखीच्यांकडे ठेवते, कारण खाऱ्या पाण्याने साखळी वर्षभरही टिकत नाही. गावाची दफनभूमीसुद्धा भराव टाकून उचलावी लागली.

आता हे झालं कशाने? समुद्र चढतोय हे खरं, पण तो मिलिमीटरने. इथली जमीन मात्र काही ठिकाणी वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास खचते. मऊ गाळाची जमीन आणि खालून बेसुमार पाणीउपसा. उपसा कोण करतं? सेमारांग-डेमाक रस्त्यालगतचे कारखाने करतात, शहर करतं आणि गावंही करतात, कारण गोड्या पाण्याला दुसरा आधार नाही. मी ज्या धंद्यावर जगतो त्यात कापड धुवायला, रंगवायला पाणी लागतंच, तेव्हा मी हात झटकणार नाही.

आणि इथे जमीन कार्यालय येतं. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६०चा. त्याच्या २७व्या कलमात मालकी हक्क कधी संपतो ते दिलंय आणि त्यातलं एक कारण 'ताना मुस्ना', म्हणजे जमीनच नष्ट झाली तर. २०२१च्या नियमांनी त्याची पद्धत ठरवली: नैसर्गिक घटनेने जमिनीचं मूळ रूप गेलं, ती ओळखू येईना, वापरता येईना, तर ती नष्ट समजायची. त्याआधी मालकाला भराव घालून ती पुन्हा उभी करायची संधी द्यायची. वाचायला किती न्यायाचं वाटतं! जिला घरात भराव टाकायला पैसे उरले नाहीत, तिने म्हणे समुद्रात भराव घालून शेत परत आणायचं.

हा प्रश्न हातघाईवर आला तो सेमारांग-डेमाक टोल रस्त्यामुळे. सुमारे २७ किलोमीटरचा हा रस्ता, त्याचा एक टप्पा समुद्राला अडवणारा बांध म्हणूनही बांधला जातोय. तो जिथून जातो तिथे कधीकाळी लोकांची शेतं आणि तळी होती, मालकांपाशी शिक्क्याची प्रमाणपत्रं आहेत. मग जमीन घ्यायची तर भूसंपादनाची किंमत द्यायची, की ती 'नष्ट' म्हणून फक्त मदतीचा हात पुढे करायचा? २०२२मध्ये राष्ट्राध्यक्षांचा वेगळा आदेश काढावा लागला. त्यातून निघाला तो दुसरा पर्याय: सानुग्रह रक्कम मिळेल, किंमत नाही. लोक वर्षानुवर्षं बुडालेल्या जागेचा कर भरत आले होते, कारण पावती म्हणजे पुरावा. त्या पावतीचं काय झालं ते बघा.

माझा आक्षेप 'नैसर्गिक घटना' या दोन शब्दांना आहे. उपशाने जमीन खचते हे सेमारांगमध्ये आता गुपित राहिलेलं नाही. ज्या कारखान्यांनी पाणी उपसलं त्यांच्या जमिनी रस्त्याला लागून उंचावर आहेत, त्यांचे कागद जिवंत आहेत. ज्यांच्या खालची जमीन गेली त्यांचे कागद मेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण हे कलम फाडून टाका असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारणही याच किनाऱ्यावर आहे. जानेवारी २०२५मध्ये जकार्ताशेजारच्या तांगेरांगच्या किनाऱ्यालगत बांबूचं कुंपण गाजलं, ३० किलोमीटरहून लांब, भर समुद्रात. कोळ्यांच्या होड्यांना वळसा पडू लागला म्हणून बोभाटा झाला. शोध घेतला तर त्या पाण्यावर इमारत बांधायच्या हक्काची २६३ आणि मालकीची १७ प्रमाणपत्रं दिलेली! बहुतेक कंपन्यांच्या नावावर. बचाव असा की ही पूर्वी जमीनच होती, समुद्राने खाल्ली. तेव्हा जमीन खात्याच्या मंत्रीमहोदयांनी हेच 'ताना मुस्ना' पुढे केलं: जमीन नाही तर हक्क नाही. तिथे ते बरोबरच होतं, नाहीतर उद्या कुणीही जुना उतारा काढून समुद्र विकेल. म्हणजे कलम असावं, पण राहतं घर फळ्यांवर उचलून धरणारी बाई आणि पाण्यावर प्रमाणपत्र काढणारी कंपनी एका तराजूत का? एकीकडे माणूस अजून त्या जागेवर जेवतोय, झोपतोय, कर भरतोय. याहून मोठा ताबा कोणता?

आमच्या खारेपाटातल्या, म्हणजे रायगडच्या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या वाचकांना हे काही नवं नसेल. पेण-अलिबागकडे खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध फुटले, उघाड्या, म्हणजे त्यातली पाणी सोडायची दारं नादुरुस्त राहिली, भातखाचरांत खारं पाणी शिरलं आणि तिवरं, म्हणजे खारफुटी उगवली. तिवरं आली की तोडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सातबारा मात्र आजोबांच्या नावाने तसाच चालू. आपल्याकडे निदान नाव तरी राहतं, त्याचा उपयोग काय हा वेगळा वाद आहे, तो कमेंटमध्ये घालूच.

आता इंडोनेशियात पश्चिमेच्या बांतेनपासून पूर्व जावातल्या ग्रेसिकपर्यंत जवळजवळ ५०० किलोमीटरच्या सागरी भिंतीची योजना आहे, त्यासाठी २०२५मध्ये स्वतंत्र प्राधिकरणही नेमलंय. भिंत कुठून जाईल त्यावर कोण वाचणार आणि कुणाची जमीन 'नष्ट' ठरणार हे ठरेल. टोलच्या बांधात तिम्बुलस्लोको समुद्राच्या बाजूला राहिलंय, म्हणजे अडवलेलं पाणी त्यांच्याच उंबऱ्याशी. माझं म्हणणं एवढंच की भिंतीची आखणी व्हायच्या आधी गावोगावच्या खातेदारांची यादी जाहीर करा, कुणाची किती जमीन कुठल्या साली पाण्यात गेली ते लिहा आणि पाणीउपसा करणाऱ्यांकडून त्या यादीप्रमाणे वसुली करून पैसे द्या. नकाशे शोधायला दूर जायला नको. प्रमाणपत्रं ज्या कार्यालयाने दिली, त्याच्याच कपाटात ते आहेत.