तीन पेलेट, दीडशे ग्रेन आणि बाकीच्या गप्पा

थंडी पडायला लागली की अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. नव्याने बंदूक घेतलेली माणसं "हे बरोबर आहे ना?" म्हणून तो मला पुढे ढकलतात. मजकूर थोडक्यात असा: ठासणीच्या बंदुकीत पन्नास-पन्नास ग्रेनचे (ग्रेन म्हणजे दारू-गोळीचं बारीक माप) तीन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या दारूच्या वड्या, टाका, जास्त दारू म्हणजे जास्त मार. वर सॅबोत, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टणात, बसवलेली हलकी, वेगवान गोळी घ्या, कुठलीही चालते. दोनशे यार्डांपर्यंत सरळ नेम धरा. दारू कुठल्याही कंपनीची असो, माप तेच. शिशाची गोल गोळी म्हणजे दिवाणखान्यात टांगायच्या बंदुकीचं खेळणं. आणि शेवटी ठसक्यात, "हा भार कुठल्याही बंदुकीत, कुठल्याही राज्यात चालतो."

लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास वाखाणण्यासारखा आहे. मजकूर नाही.

आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे. आणि कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर ज्या जुन्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, त्यांच्या नळ्यांना यातले आकडे चुकूनही लावू नका.

सगळ्यात घातक वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी हरीण निसटेल, या चुकीने बोटं जातील. "दारू कुठलीही असो, माप तेच." ठासणीच्या बंदुकीत दारू आकारमानाने मोजतात, वजनाने नाही. मापाच्या नळकांड्यावर १००ची रेघ असते ती काळ्या दारूच्या हिशोबाची. त्याच रेघेपर्यंत पायरोडेक्स (हे आणि पुढची दोन नावं काळ्या दारूच्या जागी वापरायच्या पर्यायी दारूंची) भरलं तर तराजूवर ते साधारण ७० ग्रेन भरतं. ब्लॅकहॉर्न २०९चंही तसंच, १०० मापाचे ७० वजनाचे. म्हणजे कुणी शहाणपणा करून घरच्या डिजिटल काट्यावर १०० ग्रेन ब्लॅकहॉर्न तोलून घातलं, तर त्याने मापाच्या हिशोबात १४०च्या वर दारू भरलेली असते, आणि या दारूची कमाल मर्यादा माप १२०ची आहे. ट्रिपल सेव्हनचं वेगळंच. ती मापाला मापच जास्त जोरकस आहे, म्हणून काळ्या दारूइतका वेग हवा असेल तर ती १५ टक्के कमी घ्या, असं बनवणारी कंपनीच सांगते. आता "१०० म्हणजे १००" या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

याच वाक्याच्या पोटात आणखी एक भूत आहे, ते म्हणजे बिनधुराची दारू, काडतुसात असते ती. सॅव्हेज कंपनीची १०एमएल ही बंदूक मुद्दाम त्या दारूसाठी बांधलेली होती. अशी बंदूक हातात नसेल तर चिमूटभरही नको. "थोडीशी मिसळली तर नळी साफ राहते" हा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. सांगणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर मी नेमबाजीला बसत नाही.

आता तीन पेलेट. हा आकडा आला कुठून? १९८५ साली मिसुरीच्या टोनी नाइटने एमके-८५ ही बंदूक आणली. चाप ओढला की ठिणगी बाजूने न येता थेट दारूच्या बुडाशी पडते, अशी सरळ रचना. या जातीच्या बंदुका लोकप्रिय झाल्या, मग दारू पेटवायला शॉटगनच्या काडतुसाची २०९ टोपी आली, दाबून केलेले पेलेट आले, आणि नळीवर "मॅग्नम" लिहिलं की बंदूक जास्त खपते हे दुकानदारांच्या लक्षात आलं. काही बंदुका दीडशे ग्रेन झेलायला बांधलेल्या असतात हे खरं. पण झेलणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं.

.५० च्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या, नळीतून २५० ग्रेन वजनाची सॅबोतली गोळी घ्या. शंभर ग्रेन दारूवर ती ढोबळमानाने सेकंदाला १७०० फुटांनी निघते, दीडशेवर २००० च्या आसपास. दारू दीडपट, वेग जेमतेम सहाव्या हिश्शाने जास्त. बाकीची दारू धुराच्या लोटात आणि तुमच्या खांद्यात जाते. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घनच राहतो, म्हणून नळीत एवढी काजळी बसते. शिवाय धक्का नुसत्या गोळीचा नसतो. दारूचं वजनही त्याच तोंडातून बाहेर पडत असतं, आणि पन्नास ग्रेन जास्तीचे म्हणजे धक्काही तेवढा जास्त. धक्क्याला घाबरून चाप हिसकणारा माणूस पन्नास यार्डांवरही चुकतो.

"पण दोनशे यार्डांना तो वेग लागतोच की!" बरं, हिशोब करू. गोळीचा बॅलिस्टिक गुणांक (हवा कापत जाण्याची तिची ताकद) ०.२० धरा, दुर्बीण शंभर यार्डांवर लावलेली, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर पडते असं धरा. दोनशेवर १७०० वाली गोळी साधारण १७ इंच खाली उतरते, २००० वाली १२ इंच. पाच इंचांचा फायदा झाला, मान्य. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा असते साधारण आठ इंचांची. बारा इंच खाली म्हणजे सरळ नेम धरलेली गोळी पोटाखालून जाणार, किंवा पाय मोडणार. दोन्ही भारांना वर धरावंच लागतं. मग "सरळ नेम" कुठे राहिला? दुर्बीण दीडशेवर लावली तरी २००० वाली दोनशेवर सातेक इंच खाली असतेच.

आणि वारा. मजकुरात वाऱ्याचं नाव नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, म्हणजे पालापाचोळा जरा हलावा इतका. दोनशे यार्डांवर १७०० वाली गोळी त्यात सुमारे १४ इंच वाहते, २००० वाली ११-१२ इंच. पन्नास ग्रेन जादा दारूने वाचवले अडीच इंच, आणि उरलेल्या अकरा इंचांचा अंदाज तुमचा तुम्ही करायचा. शंभर यार्डांवर तोच वारा दोन्ही गोळ्यांना तीन इंचांच्या आसपास हलवतो. पेनसिल्व्हेनिया, ओहायोच्या झाडीत हरीण दिसतं तेच मुळी शंभराच्या आत. तिथे दीडशे ग्रेन कशाला लागतात, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पेलेटचा आणखी एक तोटा असा की ते सोयीचे आहेत. पन्नासाचे, फार तर तीसचे. त्यामुळे ८५वर चांगली मारणारी नळी तुम्हाला कधी कळतच नाही. सैल दारू घेतली तर ८०पासून पाच-पाच ग्रेनने चढत जाता येतं. एका मापाला तीन गोळ्या एकमेकींजवळ पडू लागतात, पुढे पुन्हा विखुरतात. तिथे थांबायचं. वरची मर्यादा बंदुकीसोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते, ती ओलांडायची नाही.

"हलकी, वेगवान, कुठलीही गोळी चालते." सॅबो म्हणजे गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं फूल. नळी .५० ची, गोळी .४५ ची, मधली फट ते भरतं आणि नळीबाहेर पडल्यावर गळून जातं. सॅबोतल्या कितीतरी गोळ्या मुळात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या असतात, आणि त्या तिथल्या कमी वेगाला उमलायला, म्हणजे लागल्यावर फुलून पसरायला, घडवलेल्या असतात. त्याच गोळीला दीडशे ग्रेनवर चढवलं आणि हरीण पंचवीस यार्डांवर आडवं उभं राहिलं, तर खांद्याच्या हाडावर ती फुटते, वरवर भला मोठा खड्डा करते आणि आत फुप्फुसापर्यंत पोचत नाही. पातळ तांब्याचा मुलामा दिलेल्या मऊ शिशाच्या गोळ्यांचंही मोठ्या भारावर हेच होतं. दारू जास्त झाल्याने मार कमी झाला, हे त्या मजकुराच्या लेखकाच्या डोक्यातही येणार नाही.

उलट पूर्ण तांब्याची गोळी फुटत नाही, पण वेग फारच उतरला की ती उमलतही नाही आणि सुईसारखी आरपार जाते. म्हणून प्रश्न "किती वेगवान" हा नसतोच. हरीण जिथे उभं असेल तिथे पोचताना वेग किती उरेल, आणि ही गोळी कुठून कुठपर्यंतच्या वेगाला उमलते, हा असतो. शंभराच्या आत मारणार असाल तर ९० ते १०० ग्रेन दारू आणि २५० ते ३०० ग्रेनची, घट्ट बांधणीची गोळी. हा माझा कल. तुमच्या नळीला वेगळं आवडू शकतं.

सॅबोबद्दल एक गोष्ट हाताने कळते, वाचून नाही. ती गजाने ढकलताना सलग दाबाने जायला हवी. नुसती घरंगळत गेली तर फट आहे, आणि गजावर लोंबकळावं लागलं तर प्लॅस्टिक सोलतंय. ट्रिपल सेव्हन आणि २०९ टोपी वापरलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या बाराला आणखी एक गंमत होते. गोळी जिथे बसते त्याच्या जरा अलीकडे नळीत काजळीचं कडक कडं जमतं. गज तिथे थडकतो आणि "बसली" असं वाटतं. बसलेली नसते. दारू आणि गोळी यांच्यात बोटभर मोकळी जागा राहते, आणि तशा बाराने नळी फुगते किंवा फाटते. म्हणून स्वच्छ नळीत योग्य भार भरून गजावर नळीच्या तोंडाशी पक्की खूण करून ठेवायची. ती खूण नळीच्या बाहेर दिसली तर चाप ओढायचा नाही. दोन बारांच्या मध्ये एक ओली चिंधी, मग एक कोरडी. फिरणाऱ्या मजकुरात हे एका शब्दाने नाही. जाहिरातीत चिंध्या चांगल्या दिसत नाहीत.

आता गोल गोळीचा अपमान. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम आहे. नाताळ उलटला की सुरू होतो, कडाक्याच्या थंडीत. त्यात सरळ रचनेच्या बंदुका चालत नाहीत, दुर्बीणही चालत नाही. चकमक पोलादावर घासणार, कानातली रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, भडकणार, मग कुठे बार उडणार. या हंगामात गोल गोळीने हरणं पाडणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत, आणि त्यांच्यासमोर "खेळणं" हा शब्द काढून बघा.

.५० च्या नळीत .४९० इंच व्यासाची शिशाची गोळी भरते साधारण १७७ ग्रेन, भोवती तेल लावलेली सुती चिंधी. १८०० फुटांनी निघाली तरी शंभर यार्डांवर तिचा वेग एक तृतीयांशाहून जास्त उतरलेला असतो आणि ऊर्जा निम्म्याहून कमी उरते. वाऱ्यात ती वाहतेही जास्त. हे तिचं खरं दुबळेपण, आणि ते लपवायचं कारण नाही. पण पाऊणशे यार्डांच्या आत अर्ध्या इंचाचं मऊ शिसं बरगड्यांतून जाताना चपटं होऊन रुपयाच्या नाण्याएवढं पसरतं आणि बरेचदा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. रक्ताचा माग सोडायला ते पुरेसं आहे. इथे जास्त दारूचा उपयोग तर आणखीच कमी. गोल वस्तूला हवा इतकी अडवते की नळीच्या तोंडाशी कमावलेला वेग शंभर यार्डांपर्यंत बहुतेक विरून जातो. ७० ते ९० ग्रेन दोन एफ (दाण्याच्या जाडीची खूण) काळी दारू, शुद्ध शिसं, आणि जवळ जाण्याची तयारी. शुद्ध म्हणजे खरंच शुद्ध. गाडीच्या चाकाची वजनं वितळवून ओतलेली गोळी कडक होते आणि पसरत नाही.

राहिलं "कुठल्याही बंदुकीत, कुठल्याही राज्यात."

बंदुकीचं आधी. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचा, किती इंचांत एक फेरा घेतात, त्यावर गोळीची जात ठरते. ६६ इंचांत एक फेरा घेणारी नळी गोल गोळीची. २८ इंचांत घेणारी सॅबोतल्या लांब गोळीची. मधली ४८ ची नळी दोघींना थोडं थोडं सांभाळते आणि दोघींचंही पूर्ण समाधान करत नाही. ६६ च्या नळीतून लांब गोळी मारली तर ती पुरेशी फिरत नाही, डगमगते, आणि कागदावर आडवी पडल्याची भोकं दिसतात. त्याला पेलेट तीन टाका नाहीतर पाच. मुळात चकमकीच्या बंदुकीत पेलेट नीट पेट घेत नाहीत आणि ब्लॅकहॉर्न तर घेतच नाही, त्याला २०९ टोपीचा जाळ लागतो.

राज्यांचं तर विचारूच नका. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात पेलेट बंद, सॅबो बंद, दुर्बीण बंद. म्हणजे तो अख्खा "कुठेही चालणारा" भार तिथे खिशात घेऊन फिरलात तरी उपयोगाचा नाही. तिथे सैल दारू आणि नळीच्या मापाची शिशाची किंवा तांब्याची गोळीच लागते. उलट कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसंच बंद आहे, ठासणीच्या बंदुकीलासुद्धा. तिथे गोल गोळी हवी तर बिस्मथ या धातूची घ्यावी लागते, आणि शिशाच्या १७७ ग्रेनच्या जागी ती दीडशेच्या आसपासच भरते, म्हणून नेम पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. तांब्याची घ्यायची तर तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. ४८ च्या नळीची जुनी बंदूक घेऊन तिकडे राहायला गेलेल्यांनी गोळीचं पाकीट फोडण्याआधी नळीवरचा आट्यांचा आकडा वाचावा.