सिस्टीम घेत नाही, म्हणे

आज रजा टाकून मामाबरोबर बँकेत गेले होते. आत्ता कळव्याला घरी पोचले, चपला काढल्या आणि फोन हातात घेतला. हे कुठेतरी ओकल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांब होणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

मामा मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या अलीकडे गाव. दोन एकर भात आणि वर थोडी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, तिच्यात नाचणी-वरी. मृग लागलाय. बियाणं, युरिया, चिखलणीला पॉवर टिलर आणि लावणीची मजुरी एवढ्यासाठी पीक कर्ज हवंय. मजुरी सगळ्यात जड, कारण गावातली तरणी पोरं आमच्यासारखीच ठाणे-कल्याणात येऊन पडलीत. पूर्वी तो गावच्या सहकारी सोसायटीतून कर्जाची उचल घ्यायचा. सोसायटीच थकबाकीत गेली, वाटप थांबलं, म्हणून आता सरकारी बँक. कुठली ते विचारू नका.

मामा फाट्यावर माझ्या आधी येऊन उभा. टोपी धुतलेली, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सातबारा, आठ-अ, फेरफार, आधार, पॅन आणि आसपासच्या बँकांचे बेबाकी दाखले (आमचं काही देणं नाही असे), प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. माणूस लग्नाची पत्रिका देतात तशी ती कागदं दोन्ही हातांनी पुढे करत होता.

काउंटरवरच्या पोराने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि मान न उचलता म्हणाला, "सिबिल खराब आहे. सिस्टीम घेत नाही."

सिबिल म्हणजे कर्ज कसं फेडलं त्याच्या नोंदी आणि त्यावरून पडणारे गुण. मामा म्हणाला, "सायेब, मी कोणाचा पैसा बुडवलाय?"

त्याचं उत्तर पोराकडे नव्हतं. मीच मागे लागून काढून घेतलं. मामा काही वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या रिक्षाला जामीन राहिला होता. शेजाऱ्याचे हप्ते थकले, मग त्याने बँकेशी सेटलमेंट केली, कमी पैशात खातं मिटलं. बँकेनेच तडजोड केली, बँकेनेच पैसे घेतले, आणि डाग मात्र दोघांच्या नावावर बसला. ज्याने स्वतःचं कर्ज कधी 31 मार्चच्या पुढे जाऊ दिलं नाही तो मामा आता 'खराब'. उधार-उसनवार करून भरायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं, हे नवं-जुनं त्याने अख्खा जन्म केलं. मधल्या आठवड्याचं व्याज सावकाराला जायचं, पण बँकेत तारीख चुकली नाही.

आता माझ्या मित्रयादीतले हुशार लोक म्हणतील, बँकेला काहीतरी कसोटी नको का? हवी ना. पण पीक कर्जाला सिबिल मागू नका हे खुद्द मुख्यमंत्र्यांनी बँकवाल्यांना बैठकीत बजावून झालंय. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मी सीएच्या ऑफिसात काम करते, हे कागद रोज नजरेखालून जातात, म्हणून तिथे उभ्याउभ्या सांगितलं. पोरगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला हेड ऑफिसचं सर्क्युलर लागतं." आणि मग आवाज खाली करून, मामीकडे सोनं असेल तर कृषी गोल्ड लोन लगेच करून देतो म्हणाला. आजच्या आज. सातबारा जोडला की झालं.

म्हणजे मामाच्या शब्दाला सिस्टीम नाही म्हणते आणि मामीच्या बोरमाळेला हो म्हणते. आणि कागदोपत्री दोन्ही शेतीकर्जच.

मला तिथे बसल्याबसल्या आजीची म्हैस आठवली.

आम्ही लहान, मे महिन्यात आजोळी. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास या सरकारी योजनेची कर्जं चालू होती, आजीने त्यातून म्हैस घेतली. सगळं गाव तिला बँकेची म्हैस म्हणायचं. तिच्या कानात विम्याचा बिल्ला, नंबर ठोकलेला. बिल्ला गेला तर विमा गेला, म्हणून आजी सकाळी गोठ्यात शिरली की म्हशीच्या आधी तिचा कान बघायची. धुताना कान असा चोळायची की आम्हा पोरांचेही कधी तसे चोळले नाहीत.

तर ही म्हैस आटली. गाभण होती, व्यायला अवकाश होता, दूध बंद आणि हप्ता थकला. बँकेचे साहेब फटफटीवरून आले. आजीने पडवीत घोंगडी टाकली आणि चहा दिला, कोरा. घरात म्हैस बांधलेली आणि साहेबापुढे कोरा चहा, आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी चहाकडे बघितलं, गोठ्यात जाऊन म्हशीकडे बघितलं, बिल्ल्याचा नंबर वहीशी ताडला आणि म्हणाले, "व्याल्यावर भरा. मधे नका येऊ." झालं. फॉर्म नाही, अंगठा नाही. म्हैस व्याली, आजीने हप्ते भरले आणि कर्ज पूर्ण फेडलं.

लगेच कोणीतरी लिहिणार, त्या योजनेत एकच म्हैस चार दारांत बांधून चार कर्जं उचलली जायची. जायची. आमच्याही पंचक्रोशीत झालंय. पण म्हणून तर साहेब नंबर ताडत होते ना! चोरी पकडायला आणि अडचण ओळखायला तीच एक चक्कर पुरायची. चक्कर बंद केली आणि दोन्ही कामं स्क्रीनवर सोपवली.

14 बँकांचं राष्ट्रीयीकरण 19 जुलै 1969 ला झालं. मग 2 ऑक्टोबर 1975 ला ग्रामीण बँका निघाल्या, केंद्राचं 50 टक्के भांडवल, राज्याचं 15 आणि पुरस्कर्त्या बँकेचं 35. हेतू एकच, लहान शेतकरी, मजूर, कारागीर यांच्या दारापर्यंत बँक जावी. गेली की! शाखा गेल्या, बोर्ड लागले, आता एसीही लागलेत. फक्त त्या साहेबाच्या हातातला निर्णय काढून घेतला. आजचा मॅनेजर वाईट नाही हो. दोन-तीन वर्षांनी बदली, कुठल्या कुठून आलेला, भाताचं खाचर कुठलं आणि वरकस कुठली हे त्याला कोण दाखवणार? कर्मचारी मोजून दोन-चार. त्यांच्याचकडे पीएम किसानचे 2,000, विमा, पासबुक, केवायसी आणि लाडक्या बहिणींची रांग. आज त्या रांगेत मामीच्या वयाच्या कितीतरी बायका होत्या. एकीचा अंगठा मशीन घेईना. ती अंगठा कपाळावर घासायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा घासायची. लावण्या करून, भांडी घासून रेषाच गेल्यात, मशीन काय वाचणार? शेवटी घरी गेली बिचारी. मी बघत बसले, काय करू शकत होते?

1 मे 2025 पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एकच झाली आहे. गडचिरोली ते सिंधुदुर्ग एक बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. ताकद वाढेल, खर्च वाचेल म्हणतात. वाचेलही. पण म्हैस आटल्याचं तिथून कोणाला दिसणार, एवढंच मला विचारायचंय.

सगळंच काळं रंगवत नाहीये. किसान क्रेडिट कार्ड 1998 ला आलं, त्याने खूप जणांची सावकारातून सुटका झाली. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर केंद्राच्या सवलतीने 4 टक्क्यांवर येतं, त्यावर राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरली की व्याज शून्य. चांगली गोष्ट आहे. पण ते शून्य टक्के मिळायला आधी कर्ज मिळायला लागतं.

आणि आता ज्याने खरं डोकं फिरलं ते. परतीच्या कल्याण लोकलमध्ये शेजारच्या बाईला हे सांगत होते. शिकलेली, नोकरी करणारी. म्हणाली, "पण त्यांना कर्जमाफी असतेच ना?"

ताई, 2017 ची माफी दीड लाखापर्यंत, 2019 ची 2 लाखांपर्यंत, दोन्ही मुख्यतः थकबाकीदारांना. मामा थकला नव्हता म्हणून दोन्ही वेळा बाहेर. नियमित भरणाऱ्यांना 50,000 प्रोत्साहन आलं, ते त्याला मिळालं, खोटं कशाला बोलू. आणि माफीने भरायची सवय बिघडते हेही थोडं खरं आहे. पण नोव्हेंबर 2016 विसरलात? भात कापून झालेलं, विकलेलं, हातात जुन्या नोटा. आणि 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. गावाची बँक तीच! आपण ठाण्यात रांगा लावून का होईना, पैसे भरले. मामाला भाड्याची जीप करून तालुक्याला जावं लागलं. त्याची माफी कोणी कोणाला मागितली?

नियमाने बँकांनी 18 टक्के कर्ज शेतीला द्यायचं, त्या 18 पैकी 10 लहान आणि सीमांत शेतकऱ्याला. कमी पडलं तर उरलेले पैसे नाबार्डच्या ग्रामीण निधीत टाकायचे किंवा ज्या बँकेने जास्त वाटप केलंय तिच्याकडून सर्टिफिकेट विकत घ्यायचं, की टार्गेट पूर्ण. त्या निधीतून रस्ते-पूल होतात, मान्य. मामा त्याच रस्त्याने बँकेत येतो आणि त्याच रस्त्याने रिकामा परत जातो.

याउलट मी. ट्रेनमध्ये असतानाच मला मेसेज. त्याच बँकेचा. पर्सनल लोन मंजूर, कागदपत्रं नकोत, तीन क्लिकमध्ये खात्यात. मी मागितलंही नव्हतं. कशाला देताय मला? फिरायला जायला? गावातली ठेव गोळा करून आमच्या फ्लॅटला, आमच्या गाड्यांना देता, आणि भाताच्या रोपाला सिबिल विचारता. त्या साहेबांची फटफटी आठवते आणि हसू येतं, रडूही येतं.

जाऊ दे. आता काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल. बँकेकडे कर्ज नाकारल्याचं कारण लेखी मागितलंय. मॅनेजर टाळत होते, मी अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊनच उठले. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, घरबसल्या. सिबिलच्या नोंदीत चूक असेल तर त्यांनाही 30 दिवसांत निपटारा करावा लागतो, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त भाताचं रोप 21 ते 25 दिवसांत लावणीला येतं.

म्हणून लावणीपुरते पैसे मी देते म्हटलं. मामा ऐकेना. भाचीकडून घेणार नाही म्हणतो, त्यापेक्षा बोरमाळ ठेवीन. मामी काही बोलली नाही, आत निघून गेली. रविवारी पुन्हा जाऊन भांडणार आहे त्याच्याशी.

जामीनदाराच्या नावावरची सेटलमेंटची नोंद कोणी दुरुस्त करून घेतली असेल तर कृपया इनबॉक्स करा. ठाणे जिल्ह्यातलं कोणी बँकेत असेल, तर पीक कर्जाला सिबिल न बघण्याबद्दल तुमच्या हेड ऑफिसचं सर्क्युलर आलंय का, तेवढं सांगा. नाव बाहेर येणार नाही. आणि "शेतकऱ्यांनी शेती सोडून द्यावी" छापाची कमेंट टाकणाऱ्यांना आधीच सांगते, डिलीट करणार आहे.