गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘मन पोलादी करण्याचे सात नियम’ हा मेसेज सध्या आमच्या सांगलीकडच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. पहाटे चारला उठा. गार पाण्यानं अंघोळ करा. रोज चाला. झोपण्याआधी मोबाईल लांब ठेवा. आपलं दुःख कुणाला सांगू नका, सांगितल्यानं ते वाढतं. मनाच्या गोळ्या आजच बंद करा, त्या मेंदू बधिर करून माणसाला गुलाम बनवतात. आणि हे सगळं सलग 21 दिवस करा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सवाल: आपल्या आजी-आजोबांना कुठं होतं डिप्रेशन?

आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि गावभागात राहणाऱ्या माझ्या काकूनं नेमका सहावा नियम पाळला. नैराश्यावरची गोळी ती बरेच महिने घेत होती. डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद केली. आठवडा उलटायच्या आत चक्कर, मळमळ, रात्रभर तळमळ, बारीकसारीक गोष्टीवरून रडू. घरच्यांना वाटलं पित्त झालंय. काकू म्हणाली, “बघ, लिहिलंय ते खरंच की. गोळीशिवाय आता मला राहता येत नाही.” म्हणून आधी सहावा नियमच घेते.

नैराश्यावरच्या गोळीला शरीर सरावलेलं असतं. ती एकदम तोडली की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, काहींना डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं. म्हणून तर डॉक्टर ती काही आठवडे, कधी काही महिने लावून हळूहळू उतरवत आणतात. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात तलफ येते, तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवत न्यावा लागतो. या गोळ्यांचं तसं नसतं. शिवाय त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायच्या असतात, कारण मध्येच सोडल्या की आजार उलटायची भीती असते. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात हा मेसेज देणं म्हणजे त्यांना पुन्हा आजारात ढकलणं.

गोळ्या गुलाम बनवतात या दाव्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं का होईना, मान्य करते. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलामची, सवय लागते. मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं त्या घेणारी माणसं आपल्या ओळखीत निघतील. पण याच गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. म्हणजे जिथं मेसेजचं निदान थोडंफार बरोबर आहे, तिथंच त्याचा सल्ला सगळ्यात घातक आहे. काहींना औषधानं भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात हेही खरं. ते डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतात किंवा औषध बदलतात.

आता ते 21 दिवस. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यानं 1960 साली लिहिलं. पुढं त्यातला ‘किमान’ हा शब्द गळला आणि चेहऱ्याचा संदर्भही गळला. सवय लागायला प्रत्यक्षात किती वेळ जातो हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर तपासलं. 2009 साली ते प्रसिद्ध झालं. मध्यक निघाला 66 दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. माणसागणिक अंदाज पसरले होते 18 पासून 254 दिवसांपर्यंत. आणि मेसेज लिहिणाऱ्यानं वाचायलाच हवं होतं ते हे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

‘पुन्हा पहिल्यापासून’ या दोन शब्दांच्या धमकीचा मला म्हणूनच राग येतो. नैराश्यातल्या माणसाला अंथरुणातून उठून दात घासणंसुद्धा जड जातं. त्याचा नवव्या दिवशी नेम चुकला की तो आळशी, कमकुवत, नालायक, हे त्याच्या मनात आधीपासून चाललेलंच असतं. मेसेज त्यावर शिक्का मारतो.

पहाटे चारचंही तसंच. रात्री अकरा-साडेअकराला ओटा आवरणाऱ्या बाईनं चारला उठायचं, तर झोप किती झाली? मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप लागते. आणि भल्या पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे नैराश्याचं एक ठळक लक्षण आहे. काकूला नेमका तोच त्रास होता. उठायची वेळ रोज एकच ठेवा, एवढं म्हटलं असतं तर ते योग्य होतं. गार पाण्याचं थोडक्यात सांगते: ज्याला झेपतं त्यानं करावी अंघोळ, पण गार पाणी अंगावर पडलं की रक्तदाब एकदम चढतो. बीपीच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी या फंदात पडू नये.

चालणं आणि झोपण्याआधी मोबाईल दूर ठेवणं, या दोन्हीला माझा विरोध नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि सौम्य नैराश्यात व्यायामाचा गुण येतो. आमराईत जाऊन फेऱ्या मारा, जरूर मारा. गोळीसोबत मारा.

आजी-आजोबांना मनाचे आजार नव्हते म्हणता, तर ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 साली कुणासाठी उघडलं? रत्नागिरीचं तर त्याच्याही आधीचं. आपल्या गावांत त्याला बाहेरचं झालं म्हणायचे, ‘खचला’ म्हणायचे, उतारे टाकायचे. माणसं आजारी पडतच होती.

राहिला दुःख न सांगण्याचा नियम. सांगलीत राहणाऱ्यानं हा पुढं पाठवावा याचं मला नवल वाटतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 आहे. त्यानंतर गावभागातली माणसं उभी राहिली ती दुसऱ्याच्या घरी राहून, एकमेकांच्या दारातला गाळ उपसून, फुगलेल्या कपाटाशेजारी बसून ढसाढसा रडून. तोंड शिवून कुणी त्यातून बाहेर आलं नाही. मन कणखर होतं म्हणतात ते असं, चार माणसांच्या आधारानं. घरात कुणाशी बोलता येत नसेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 लावा, दिवसा-रात्री केव्हाही, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी काकूची गोळी पुन्हा सुरू केली आहे. ज्या आत्तेभावानं मेसेज टाकला त्याला मी सांगितलंय, नुसता डिलीट करून चालणार नाही. ज्यांना ज्यांना पाठवलास त्यांना फोन कर आणि विचार, तुमच्यापैकी कुणी गोळी बंद केली आहे का.