‘आयएसआय वायर आणि एमसीबी असला की झालं’? नाही, होत नाही

दुकानदारांच्या, सोसायट्यांच्या आणि छोट्या ऑफिसवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा सारांश असा: वायर आयएसआय मार्कची आणि एफआर घ्या, एमसीबी (प्रवाह मर्यादेपेक्षा वाढला की आपोआप पडणारा स्विच) चांगल्या कंपनीचा बसवा, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाका, मग ना आग लागते, ना शॉक बसतो. आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) उगाच उडतो, तो काढून टाका. टेस्ट रिपोर्ट आणि ठरावीक वर्षांनी करायची तपासणी म्हणजे पैसे काढायचं निमित्त.

चांगली वायर आणि चांगला एमसीबी घ्यावा, यावर माझं काहीच म्हणणं नाही. त्यावरून पुढे जे निष्कर्ष काढलेत ते मात्र एकेक करून तपासायला हवेत.

‘एमसीबी आहे, म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे.’ एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. दुकानात सर्रास दिसणारा सी प्रकारचा १६ अँपियरचा एमसीबी झटक्यात पडायला त्यातून पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपियर जावे लागतात. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्यातून २३० मिलीअँपियर जातील. पाव अँपियरसुद्धा नाही. हृदयाची लय बिघडवायला एवढा प्रवाह पुरेसा आहे, आणि एमसीबीला त्याची दखल घ्यायचं कारणच नाही.

वायरीलाही तो वाचवतो तो ठरलेल्या मर्यादेत. मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.१३ पट प्रवाहावर त्याने तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीवर तासाभरात पडायचं. हा हिशेब वायर एमसीबीला साजेशी असेल तरच लागू. एसी वाढवले, एमसीबी पडायला लागला, म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवला आणि आत वायर तीच अडीच स्क्वेअर मिलिमीटरची राहिली, हे बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या डीबीचं (वीज वाटून देणाऱ्या पेटीचं) झाकण उघडलं की दिसतं. कंपनी नामांकित, मार्क खरा, आणि संरक्षण शून्य.

‘अर्थिंग चांगलं असलं की एमसीबी पडतोच.’ या विधानावर थोडं थांबू, कारण ते अनुभवी वायरमनकडूनही ऐकू येतं. आकडे मांडून बघा. दुकानाच्या अर्थ पिटचा रोध ५ ओहम आला, वाईट नाही. महावितरणच्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलचं अर्थिंग १ ओहम धरू. डीप फ्रीझरच्या बॉडीला आतून फेज लागला, तर प्रवाहाची वाट साधारण ६ ओहमची. २३० ला ६ ने भागा: ३८ अँपियर. सर्किटवर ३२ अँपियरचा एमसीबी असेल, तर हे त्याच्या रेटिंगच्या जेमतेम १.२ पट. तो तासभर जागचा हलला नाही तरी मानकाच्या दृष्टीने त्याचं काही चुकलेलं नाही. आणि तेवढा वेळ फ्रीझरची बॉडी जमिनीच्या तुलनेत ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्टवर. गिऱ्हाईक आइस्क्रीम काढायला हात लावणार तो तिथेच.

मोठ्या संकुलात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोषाचा प्रवाह मातीतून नाही, तर धातूच्या पट्टीतून न्यूट्रलपर्यंत परततो. तिथे रोध फारच कमी असतो आणि एमसीबी खरोखर पडतो. पण गल्लीतल्या दुकानाला ते गणित लावता येत नाही. तिथे हा दोष ओळखणारं साधन एकच, आरसीसीबी. राहिला मीठ-कोळशाचा प्रश्न: मिठाने मातीचा रोध उतरतो, पण पाऊस ते धुऊन नेतो आणि पाइप गंजतो. रोध किती आहे ते मीटरने मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचाच तर कोरड्या उन्हाळ्यात मोजावा.

‘आरसीसीबी विनाकारण उडतो.’ कारणाशिवाय तो क्वचितच उडतो, फक्त कारण शोधायला कोणी थांबत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला नाही, की तो पडतो. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, आणि तेही मानकाला धरूनच. संगणक, एलईडी ड्रायव्हर, यूपीएस यांच्यातले फिल्टर प्रत्येकी थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडतात. एका आरसीसीबीवर पंधरा-वीस संगणक लटकवले तर तो पडणारच. सर्किट वेगळी करायची, प्रत्येकाला आपापला आरसीसीबी द्यायचा, एवढाच उपाय. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र झालेल्या. तिसरं कारण खरी गळती: ओलसर भिंतीतला जॉइंट, हीटरचा फुटलेला एलिमेंट. ही तीन कारणं वेगळी काढायला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) आणि संयम लागतो. आरसीसीबी बगल देऊन थेट जोडायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी अगदी लहान जोडण्या वगळता गळती ओळखणारं असं साधन सक्तीचं केलं: घरगुती जोडणीला ३० मिलीअँपियर, इतरांना १०० मिलीअँपियरच्या आत. म्हणजे दुकानात १०० चा बसवला तरी कागदोपत्री भागतं. पण १०० चा आग टाळण्यापुरता ठीक. हात लागेल अशा सॉकेटच्या सर्किटला मी ३० चाच मागेन.

एफआर वायरबद्दल थोडक्यात. एफआर म्हणजे ज्वाला पुढे पसरायला विरोध करणारी, न जळणारी नव्हे. साध्या पीव्हीसीच्या वाहकाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. फॉल्स सीलिंगवर वीस वायरींचा जुडगा बांधून टाकला की हवा लागत नाही आणि प्रत्येकीची क्षमता उतरते. पाकिटावरचा अँपियरचा आकडा तिथे खरा राहत नाही.

आता त्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही, ते: जॉइंट. सैल स्क्रू, नीट न दाबलेला लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा), ॲल्युमिनियमच्या केबलला थेट तांब्याच्या बसबारवर (डीबीतल्या पट्टीवर) आवळलेलं टोक. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम जरी झाला आणि त्यातून २० अँपियर गेले, तरी नखाएवढ्या जागेत ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न दिवसभर डीबीत चालू ठेवल्यासारखं. आणि गंमत अशी, की प्रवाह २० च आहे, म्हणून एमसीबी गप्प. गळती नाही, म्हणून आरसीसीबी गप्प. पंचनाम्यात नंतर ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं जातं. पण शॉर्ट बऱ्याचदा सगळ्यात शेवटी होतो, इन्सुलेशन भाजून गळून पडल्यावर.

दिल्लीतल्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. इमारतीच्या तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच दिवशी सकाळी एकदा आग लागली होती आणि वीज मंडळाच्या माणसांनी दुरुस्तीही केली होती. केबलच्या टोकाचे लग क्रिंपिंग मशीनने दाबायला हवे होते, ते डाय आणि हातोड्याने ठोकून बसवले, असं तपासात पुढे आलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सैल जोडावर ठिणग्या उडाल्या, केबल निसटली, रेडिएटरला भोक पडून तेल बाहेर आलं आणि पेटलं. बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. बाहेर पडायच्या वाटा बंद असणं हा त्या खटल्याचा दुसरा मोठा भाग, पण सुरुवात लगपासून झाली. केबलवर कुठला मार्क होता, याने तिथे काही फरक पडला नसता.

त्यामुळे ‘टेस्ट रिपोर्ट म्हणजे नुसता कागद’ हे म्हणणं मला सगळ्यात घातक वाटतं. सैल जोड ओळखणारं स्वस्त यंत्र डीबीत बसवून मिळत नाही. तो सापडतो तो पूर्ण भारावर थर्मल कॅमेरा फिरवल्यावर, नाहीतर सप्लाय बंद करून प्रत्येक टर्मिनल पान्याने ठरल्या जोराला तपासल्यावर. प्राधिकरणाच्या नियमांत पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी सांगितली ती त्यासाठीच. ठरावीक व्होल्टेजच्या खालच्या मांडणीची तपासणी मालकाने स्वतः करून घ्यायची आणि स्वतःच प्रमाणित करायची मुभाही दिलेली आहे. विद्युत निरीक्षक दारात आला नाही, म्हणून जबाबदारी टळत नाही. उलट ती सही करणाऱ्याच्या गळ्यात येते.

मात्र एका बाबतीत मजकूर लिहिणाऱ्याची चीड रास्त आहे. जागेवर न जाता, मेगर पेटीतून न काढता सही-शिक्का मारलेले रिपोर्ट बाजारात मिळतात. त्यावर उपाय रिपोर्ट बंद करणं हा नाही, तो वाचायला शिकणं हा आहे. प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध वेगळा लिहिलेला हवा. ५०० व्होल्ट डीसीवर तो किमान १ मेगओहम लागतो आणि नव्या कामात त्याच्या कितीतरी पट यायला हवा. अर्थ पिटचा रोध ओहममध्ये, मोजल्याच्या तारखेसह हवा. आरसीसीबी किती मिलीसेकंदांत पडला तो आकडा हवा. ३०० च्या आत असावा. टेस्टचं बटण दाबून पाहिलं एवढं पुरत नाही, त्या बटणाने आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल ते काहीच सांगत नाही. वापरलेल्या मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख हवी. चाळीस सर्किटांना सारखाच आकडा असेल किंवा रकान्यांत नुसतं ‘ओके’ असेल, तर रिपोर्ट परत करा आणि खरे आकडे हातात येईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नका.