‘कळेना’ की ‘कळे ना’?

ओळ साधीच होती : ‘मन तुझे मला कळेना’. पेटीवाल्याने ती दोनदा म्हणून दाखवली. आधी ‘कळेना’ एका श्वासात, मग ‘कळे’वर जरासा थांबून ‘ना’ वरच्या सुरात सोडलेला. पहिल्या वेळी मन कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी ‘कळतं की मला!’ असा उलटाच अर्थ निघाला.

वकील उसळले. “कागदावर आहे तो अर्थ. बाकीचं सगळं ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं. त्याला गाणं जबाबदार नाही.”

“कागदावर दोहोंत फरक आहे तो एका मोकळ्या जागेचा,” मास्तर म्हणाले. “गाण्यात ती जागा दिसत नाही, गावी लागते. हिला काकू म्हणतात.”

“कुणाची?” तबलजी.

“आवाजाचा हेल म्हणजे काकू. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात यादीच दिली आहे : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हेल कसा, जवळ तिसरं कुणी आहे का, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. यातलं एक बदललं की तेच वाक्य वेगळं सुचवतं. त्याचंच उदाहरण घ्या, ‘सूर्य मावळला’. गुराख्याला सांगितलं तर गाई आत घ्या. दुकानदाराला सांगितलं तर माल आवरा. चोरून भेटायला निघालेलीला सांगितलं तर आता नीघ. आणि वाट पाहून थकलेली स्वतःशी म्हणाली तर, आजही नाही आला.”

“आणि गाण्यात तेच ध्रुपद झालं तर?” पेटीवाला सावरून बसला. “ध्रुपद दर अंतऱ्यानंतर परत येतं. अंतरा बदलला की प्रसंग बदलतो, म्हणजे शब्द तेच राहून अर्थ सरकतो. म्हणून पहिलं ध्रुपद सपाट म्हणायचं. तिथेच हुंदका घातला की तिन्ही वेळा हुंदकाच ऐकू येतो, पुढच्या अंतऱ्यांना करायला काही उरत नाही. नव्या गाणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं, पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकतात.”

वकिलांना हे पटलं, पण तेवढंच. “ठीक. पण सुचवलेला अर्थ आणि चिकटवलेला अर्थ, फरक कसा ओळखायचा? कसोटी द्या.”

मास्तरांनी एक सोडून दोन दिल्या. पहिली, शब्द बदलून बघायचा. ‘तुझा राग अजून कानात आहे.’ राग काढून संताप घाला. संगीताचा राग गेला, गंमतही गेली. म्हणजे तो दुसरा अर्थ त्या शब्दालाच लटकलेला होता. आता ‘दार नुसतं लोटलंय’ घ्या. दाराऐवजी कवाड म्हणा, आमंत्रण तसंच राहतं, कारण ते परिस्थितीतून आलंय. “भाषांतर करणाऱ्याने आधी हे तपासावं. दुसऱ्या जातीचं दुसऱ्या भाषेत जातं. पहिल्या जातीचं जात नाही, तिथे नवा श्लेष शोधावा नाहीतर सरळ सोडून द्यावा. ‘दार लोटलंय’चं भाषांतर ‘आत ये’ असं केलं तर मात्र गाणं मेलं.”

“‘कळेना’ कुठल्या जातीचं?”

“‘उमजेना’ घाल, चालतं. ‘समजत नाही’ घाल, संपलं. सगळा जीव त्या शेवटच्या ‘ना’त आहे.”

दुसरी कसोटी, सरळ अर्थ अडतो का ते बघणं. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे जुनं उदाहरण : प्रवाहावर घरं बांधता येत नाहीत, म्हणून अर्थ अडला; काठ प्रवाहाला लागून आहे, म्हणून तो घेतला; आणि काठ म्हणण्याऐवजी गंगाच म्हटली, कारण तिथला गारवा आणि पावित्र्य सुचवायचं होतं. ही लक्षणा. ‘काळजाचं पाणी झालं’ यातही अर्थ अडतोच, पण ते इतकं रुळलंय की त्यातून नवीन काही सुचत नाही. गीतकार असल्या ओळी खोल समजून पेरतात, त्या शब्दकोशात जाऊन बसलेल्या असतात.

“आणि अर्थ अडलाच नाही तर?” वकील.

“तरी सुचतो. असा सुचलेला अर्थ म्हणजे ध्वनी. खरी मजा तिथेच आहे.” मास्तरांनी गाथासप्तशती या प्राकृत संग्रहातली गाथा काढली, आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोक या ध्वनीवरच्या ग्रंथात घेतलेली. गोदाकाठच्या झाडीत फिरणाऱ्या एका धार्मिक बुवाला एक बाई सांगते : बुवा, खुशाल फिरा, तुम्ही ज्याला भीत होता तो कुत्रा आज मेला, गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारला. शब्द म्हणतात फिरा. अर्थ : पुन्हा इकडे फिरकू नका, ही आमची भेटायची जागा आहे.

“हे तर सरळ अनुमान झालं,” वकील म्हणाले. “सिंह आहे, म्हणून जाऊ नये.”

“महिमभट्ट नावाचा काव्यशास्त्रकारही हेच म्हणाला. मम्मटाने त्याला कोर्टातच उभं केलं. सिंह आहे हे सांगितलं कुणी? त्या बाईनेच, आणि तिचा स्वार्थ उघड आहे. साक्ष टिकेल? शिवाय भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी भीतीच्या जागी जातोच. आधारच पक्का नाही, अनुमान कुठलं? तरीही ऐकणाऱ्याला अर्थ लख्ख कळतो.”

वकील पहिल्यांदाच गप्प बसले. फार वेळ नाही. “मग एकनाथांचा विंचू? तो तर ध्वनीच.”

“तिथे ‘काम क्रोध विंचू चावला’ असं नाथच सांगून टाकतात. ते रूपक, उघड सांगितलेलं. भारूड समोरच्या गर्दीला कळायला हवं, तिथे लपवून काय साधणार? पण त्यात ध्वनी शोधत बसणाऱ्यांनी आधी ओळ पुरती वाचावी.”

अर्थ चिकटवणारे बहुतेक नुसत्या ध्रुपदावरून चिकटवतात, यावर मात्र सगळ्यांचं जमलं. जो अर्थ तिसऱ्या अंतऱ्यात मोडून पडतो तो घेऊ नये.

तबलजी एवढा वेळ मांडीवर ठेका धरून होता. “ते ‘कळे ना’ परत म्हण. सम, ठेक्याची पहिली मात्रा, कशावर घेतोस? ‘क’वर घेतलीस तर ‘ना’ आपोआप हलका पडतो, ऐकणारा ‘कळेना’च ऐकणार. उलटा अर्थ हवा तर ‘ना’ समेवर आण.”

“आणि दोन्ही हवे असतील तर?”

“पहिल्या आवर्तनात ‘क’वर, दुसऱ्यात ‘ना’वर.”

“मग आधीचा ‘कळे’ ओढून धरावा लागेल,” पेटीवाला म्हणाला, “आणि श्वास ‘मला’च्या आधीच घ्यावा लागेल.”

“ओळ ज्याची आहे त्याला विचारलंत का?” वकील. “त्याने मोकळी जागा सोडली होती की नाही?”

पेटीवाल्याने घडी केलेला कागद उलगडला. गीतकाराने शिरोरेघाच दिल्या नव्हत्या.